गर्भस्थ शिशु, झिका-ज्वर आणि जुन्या नोंदवह्यांची साक्ष

बेलसर हें नांव मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस नवें नाहीं. पुरंदरच्या परिसरांतील ह्या गांवीं इ. स. १६४८ त आदिलशाही सरदार फत्तेखान ह्याचा तळ पडला होता, आणि त्या प्रसंगींच्या झटापटींत बाजी जेध्यानें निशाण वांचविल्याची हकीकत सर्वश्रुत आहे. त्याच बेलसरचें नांव इ. स. २०२१ च्या जुलैंत निराळ्याच कारणानें वृत्तपत्रांत झळकलें. महाराष्ट्रांतील झिका-ज्वराचा पहिला रुग्ण तेथें निघाला. पुढें जून २०२४ पासून खुद्द पुणें शहरांत हा ज्वर आढळूं लागला; त्या वर्षीं महाराष्ट्रांत शंभराहून अधिक रुग्णांची नोंद झाली व त्यांत गर्भवती स्त्रियाही बऱ्याच होत्या.

विषय वैद्यांचा, संशोधकांच्या त्रैमासिकांत त्याचें काय काम, असें कोणी विचारील. उत्तर असें कीं, ह्या ज्वरानें गर्भास इजा होते कीं नाहीं हा वाद प्रयोगशाळेंत अर्धाच मिटला. उरलेला अर्धा जुन्या नोंदवह्या उलगडून मिटला. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा अर्धा भाग आहे.

प्रथम विषाणूची हकीकत थोडक्यांत. इ. स. १९४७ च्या एप्रिलांत युगांडांतील एंटेबी गांवाजवळच्या झिका नांवाच्या अरण्यांत पीतज्वराचा शोध चालला होता. त्यासाठीं झाडावरील मचाणांत पिंजरे ठेवून माकडें बांधलीं होतीं. त्यांपैकीं ७६६ क्रमांकाच्या माकडास ताप आला आणि त्याच्या रक्तांत हा नवा विषाणु सांपडला. पुढच्या जानेवारींत त्याच अरण्यांतील डांसांतही तो मिळाला. डिक, किचन व हॅडो ह्या तिघांनीं ही हकीकत इ. स. १९५२ त प्रसिद्ध केली. गांवोगांवीं हा विषाणु पसरविणारा मुख्य डांस म्हणजे डेंग्यू व चिकुनगुन्या आणणारा, पांढऱ्या पट्ट्यांचा, दिवसां चावणारा एडीस होय. ज्वर सौम्य, अंगावर पुरळ, डोळ्यांस लाली, सांध्यांस ठणका, आणि आठवड्यांत सर्व शांत. बहुतेकांस तर कांहींच जाणवत नाहीं. इ. स. २००७ त प्रशांत महासागरांतील याप बेटावर सांथ येईपर्यंत ह्या रोगाचे नोंदलेले रुग्ण सगळ्या जगांत वीसही नव्हते. त्यामुळें साठ वर्षें ग्रंथांतून तो निरुपद्रवी म्हणून नोंदला गेला, व एका ग्रंथावरून दुसऱ्यांत तेंच उतरत गेलें.

आपल्याकडील एक दाखला येथें सांगितला पाहिजे. पुण्यास इ. स. १९५२ त विषाणु-संशोधन केंद्र स्थापन झालें. आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था ती हीच. तेथील स्मिथबर्न, कर व गटणे ह्यांनीं हिंदुस्थानांतील रहिवाशांच्या रक्ताचे नमुने तपासून इ. स. १९५४ त निष्कर्ष छापले. कित्येक नमुन्यांत झिका-विषाणूस निष्प्रभ करणारे घटक मिळाले. यावरून हा रोग येथें तेव्हांच होता असें कांहीं लेखक बिनदिक्कत लिहितात. हें मला मान्य नाहीं. डेंग्यू व झिका हे सगोत्र विषाणु होत. एकास उत्पन्न झालेलें रक्तांतील प्रतिद्रव्य दुसऱ्यासही थोडेंफार लागू पडतें. एकाच कुळांतील दोन पोथ्यांत एकच अपपाठ आढळला म्हणजे आपली पोथी त्यांपैकीं अमुकीवरूनच उतरली असें ठरत नाहीं, तसेंच हें आहे. इ. स. १९५४ ची ती साक्ष जपून ठेवण्याजोगी खरी, पण ती एकटी निकाल देऊं शकत नाहीं.

संस्कृतज्ञांसही एक मोह होण्यासारखा आहे. सुश्रुताच्या कल्पस्थानांत मशकांचे पांच प्रकार दिले आहेत, आणि त्याच्याच शारीरस्थानांत गर्भिणीचे डोहाळे न पुरविल्यास कुबडें, लंगडें, जड, ठेंगणें वा नेत्रहीन मूल होतें असें सांगितलें आहे. हीं दोन स्थळें एकत्र शिवून प्राचीनांस डांसांचा गर्भावरील परिणाम ठाऊक होता असें प्रतिपादन करणारा कोणी ना कोणी निघेलच. परंतु पहिलें स्थळ दंशाच्या विषाचें आहे व दुसरें डोहाळ्यांचें. दोहोंस जोडणारा शब्द संहितेंत नाहीं. चरकानें गर्भविकृतीचीं कारणें मोजतांना बीज, कर्म, आशय, काळ आणि मातेचा आहारविहार हीं सांगितलीं. त्यांतही मशक नाहीं. आचार्यांची थोरवी असल्या ठिगळांवर अवलंबून नाहीं.

आतां मुख्य प्रकरणाकडे वळूं. इ. स. २०१५ च्या मे महिन्यांत ब्राझिलच्या ईशान्य भागांत झिका-ज्वर असल्याचें निश्चित झालें. त्याच वर्षाच्या उत्तरार्धांत पेर्नांबुकू प्रांतांतील रेसिफी शहरीं मज्जारोगतज्ज्ञ व्हानेसा व्हान डेर लिंडेन ह्यांना लहान डोक्याचीं अर्भकें एकामागून एक दिसूं लागलीं. नोव्हेंबरांत पाराईबा प्रांतांतील कांपीना ग्रांदे येथें आद्रियाना मेलो ह्यांनीं, ज्यांच्या गर्भांत दोष दिसत होता अशा दोन स्त्रियांचें गर्भजल तपासावयास पाठविलें. त्यांत विषाणु मिळाला. ब्राझिलमध्यें असतांना ताप आलेल्या एका स्त्रीच्या गर्भाच्या मेंदूंत तो सांपडल्याचें स्लोव्हेनियांतील वैद्यांनीं फेब्रुवारी २०१६ त प्रसिद्ध केलें. जागतिक आरोग्य संघटनेनें त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेस आणीबाणी पुकारली होती.

येवढें झालें तरी शंका घेणारे होतेच, व त्यांची शंका निराधार नव्हती. पूर्वीं अशीं किती मुलें जन्मत होतीं? मोजलेंच नसेल तर वाढलीं हें कशावरून? ब्राझिलच्या सरकारानें प्रथम ३३ सेंटिमीटर वा त्याहून कमी घेराचें डोकें संशयास्पद मानलें; डिसेंबर २०१५ त ती मर्यादा ३२ वर आणली; मार्च २०१६ त मुलग्यांस ३१.९ व मुलींस ३१.५ अशी केली. मापाची दोरी बदलली कीं आंकडाही बदलतो. जुन्या जमीनमोजणीचे कागद ज्यांनीं चाळले आहेत त्यांना हें निराळें समजावून सांगावयास नको.

ह्या शंकेचें उत्तर आलें तें ब्राझिलहून नव्हे, ताहितीहून. फ्रेंच पॉलिनेशियाच्या बेटांवर ऑक्टोबर २०१३ ते एप्रिल २०१४ ह्या अवधींत झिकाची मोठी सांथ येऊन गेली होती, व त्या वेळीं गर्भांविषयीं कोणी अवाक्षरही काढलें नव्हतें. ब्राझिलची वार्ता आल्यावर तेथील व फ्रान्समधील संशोधकांनीं मागील दप्तर काढलें. सप्टेंबर २०१३ ते जुलै २०१५ पर्यंतच्या नोंदींत लहान डोक्याच्या आठ घटना निघाल्या. त्यांपैकीं सात सांथ ओसरतांना, अवघ्या चार महिन्यांत एकवटलेल्या होत्या. गणितानें असें निघालें कीं, गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत बाधा झाल्यास शेंकडा सुमारें एका गर्भास हा दोष होतो. एरवीं हें प्रमाण दहा हजारांत दोन. मार्च २०१६ त हा निबंध प्रसिद्ध झाला.

ह्या शोधांतील एक गोष्ट मला विशेष वाटते. आठांपैकीं पांच गर्भ दोष दिसल्यावर वैद्यांनीं काढून टाकले होते. नुसती जन्मांची वही पाहिली असती तर तीनच नोंदी मिळत्या, आणि तीन नोंदींवरून कोणीही कांहीं म्हणूं शकला नसता. सोनोग्राफीच्या व गर्भपाताच्या नोंदी जन्मांच्या नोंदींशीं ताडून पाहिल्या म्हणून अर्थ लागला. एका दप्तरावर विसंबूं नये हें आपण नेहमीं म्हणतों, पण त्याचा इतका चोख दाखला राजकीय इतिहासांत मला आठवत नाहीं.

असाच दाखला ऑस्ट्रेलियांत ह्यापूर्वीं घडला होता. तो रोग डांसांचा नव्हे, रुबेला नांवाच्या गोवरासारख्या तापाचा. पण रीत तीच. सिडनीचे नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग ह्यांनीं इ. स. १९४१ त मोतीबिंदु घेऊन जन्मलेल्या ७८ अर्भकांची हकीकत मांडली. बहुतेकांच्या मातांस गरोदरपणीं हा ताप येऊन गेला होता. मागाहून लँकेस्टर नांवाच्या संख्याशास्त्रज्ञानें तेथील जुन्या खानेसुमाऱ्या उघडल्या. इ. स. १९११ च्या खानेसुमारींत दहा ते चौदा वर्षांच्या मुलांत बहिऱ्यांची संख्या भलतीच फुगलेली होती; १९२१ त तोच फुगवटा वीस ते चोवीस वयाच्या लोकांत सरकलेला दिसला. बहिऱ्यांच्या शाळांचे दाखलेही जुळले. एका जुन्या सांथीची खूण, तिचें नांव कोणास ठाऊक नसतां, सरकारी कोष्टकांत चाळीस वर्षें पडून होती.

मात्र लहान डोकें दिसलें कीं झिका, असें समजूं नये. पंजाबांतील गुजरात शहरीं सतराव्या शतकांतील फकीर शाह दौला ह्याच्या दर्ग्याशीं संबंध असलेले लहान डोक्याचे लोक ‘शाह दौल्याचे उंदीर’ म्हणून इंग्रज अंमलदारांनीं वर्णिले आहेत. तेथें कारण बव्हंशीं जवळच्या नात्यांतील विवाहांतून येणारा आनुवंशिक दोष हें होय. उलटपक्षीं झिकाची बाधा झालेल्या कित्येक अर्भकांचें डोकें जन्मतः ठीक असतें व वाढ मागाहून खुंटते. मेंदूंत चुन्याचे साठे, डोळ्याच्या पडद्यावर व्रण, आंखडलेले सांधे, गिळण्यास त्रास, अशीं लक्षणें मिळून हा दोष ओळखावा लागतो. ह्यावर अद्याप औषध नाहीं, आणि रेसिफीचीं तीं मुलें आतां दहा वर्षांचीं झालीं आहेत. पुष्कळांस चालतां बोलतां येत नाहीं व त्यांचा सर्व भार मातांवर पडला आहे.

ह्यास्तव संग्राहकांस एक विनंति. सनदा, वतनपत्रें व पोथ्या आपण जिवापाड जपतों. प्रसूतिगृहांच्या वह्या मात्र रद्दींत जातात. एका तालुक्याच्या गांवीं अशा वह्यांचें ओझें वाण्याच्या दुकानीं पुड्या बांधण्यासाठीं गेलेलें मीं पाहिलें आहे. त्यांत वजन, जन्मवेळ व ‘व्यंग’ असा निराळा रकाना होता. असें एखादें बाड कोणाच्या संग्रहीं आल्यास गांव, आरंभाचें व शेवटचें वर्ष, रकाने कोणते, मधलीं पानें गहाळ असल्यास किती, येवढें तरी टिपून मंडळाकडे कळवावें. मातांचीं नांवें मात्र यादींत उतरूं नयेत.