ज्याची कथा, त्याचा वीर

वीराची कथा म्हटली म्हणजे तिला शेवट हा असावयाचाच. महाभारतांत प्रत्यक्ष श्रीकृष्णही व्याधाच्या बाणानें देह ठेवतो आणि पांडव महाप्रस्थानास निघतात. शेवट आहे म्हणूनच त्यांच्या पराक्रमास अर्थ येतो. अमेरिकेंत विसाव्या शतकांत मात्र वीरांची अशी एक जात निर्माण झाली, कीं जिला वार्धक्य नाहीं आणि कायमचें मरणही नाहीं. रंगीत चित्रकथांतील हे सुपरहीरो ऐंशीहून अधिक वर्षें तरुणच राहिले आहेत. याचें कारण त्यांच्या अंगच्या अद्भुत शक्तींत नसून प्रकाशकाच्या हिशेबवहींत आहे. आणि मोठ्या संस्थांच्या बाहेर जन्मलेल्या स्वतंत्र चित्रकथांकडे वाचक कां वळला, याचें उत्तरही तेथेंच सांपडतें.

१९३८ सालीं क्लीव्हलंड शहरांतील जेरी सीगल व जो शूस्टर या दोन तरुणांनीं 'सुपरमॅन' या पात्राचे सर्व हक्क प्रकाशकास १३० डॉलरांस विकले. पहिल्या कथेच्या तेरा पानांचा, पानास दहा डॉलर या दरानें, तो मोबदला होता. पुढें त्या पात्रावर इतरांनीं अपार संपत्ति मिळविली. १९४७ सालीं दोघे न्यायालयांत गेले. परंतु पात्र त्यांस परत मिळालें नाहीं, उलट कथेवरील त्यांचीं नांवेंही नाहींशीं झालीं. अखेर १९७५ सालीं, वृत्तपत्रांतून या अन्यायाचा बराच बोभाटा झाल्यावर, मालक कंपनीनें प्रत्येकास वर्षाला २०,००० डॉलरांचें वेतन आणि नांव छापण्याचा मान दिला. तोंपर्यंत चित्रकार शूस्टर याची दृष्टि जवळजवळ गेली होती.

या व्यवहाराचा परिणाम केवळ दोन माणसांच्या संसारावर झाला असें नाहीं, तर कथेवरही झाला. वीर ही एकदां कंपनीची मिळकत ठरली, कीं लेखक येतात आणि जातात, वीर मात्र जागच्या जागीं राहतो. दुभत्या गाईस कोणी घराबाहेर काढीत नाहीं. १९९२ सालीं सुपरमॅनचा मृत्यु मोठ्या गाजावाजानें छापला गेला आणि १९९३ सालीं तो जिवंत होऊन परतलाही. शोकासही मुदत असते हें वाचकांस त्या वेळीं चांगलेंच कळून आलें. त्यांतच १९५४ सालीं प्रकाशकांनीं लोकक्षोभाच्या भीतीनें स्वतःसाठीं एक नियमावली करून घेतली होती. प्रत्येक वेळीं सज्जनाचाच जय व्हावा आणि पोलिस, न्यायाधीश यांच्याविषयीं अनादर उत्पन्न होईल असें कांहीं छापूं नये, असे ते नियम होते. त्यांची मोहोर नसलेला अंक विक्रेत्यापर्यंत पोहोंचणेंच कठीण झालें.

ही कोंडी फुटली ती एखाद्या प्रतिभावंताच्या लेखणीनें नव्हे, तर विक्रीच्या एका नव्या पद्धतीनें. पूर्वीं वृत्तपत्रांच्या दुकानांतून न खपलेले अंक प्रकाशकाकडे परत येत. हा तोटा लहान प्रकाशकास झेपणारा नव्हता. १९७० नंतरच्या दशकांत केवळ चित्रकथा विकणारीं दुकानें निघालीं. अंक परत करावयाचे नाहींत, त्याऐवजीं सूट अधिक घ्यावयाची, असा त्यांचा करार असे. मागणी आधींच कळल्यामुळें तितक्याच प्रती छापतां येऊं लागल्या. आणि या दुकानदारांना नियमावलीच्या मोहोरेची गरज नव्हती. १९८१ सालीं, 'कॅप्टन अमेरिका'च्या दोन जनकांपैकीं एक असलेला जॅक कर्बी यानें आपलें 'कॅप्टन व्हिक्टरी' हें नियतकालिक पॅसिफिक कॉमिक्स या लहान संस्थेकडे दिलें, तेव्हां पात्राची मालकी त्याच्याकडेच राहिली.

१९८४ सालीं केव्हिन ईस्टमन व पीटर लेअर्ड या दोघांनीं न्यू हॅम्पशर संस्थानांतील डोव्हर या गांवीं, उसनवारीच्या पैशांवर, चार कासवांची एक कृष्णधवल चित्रकथा छापली. पहिल्या प्रती सुमारें ३,००० होत्या. मोठ्या संस्थांच्या गाजलेल्या वीरकथांची ती थट्टा होती. पण थट्टा करणाऱ्यांचें मूळ कथांवर मनापासून प्रेम होतें. तीं कासवें पुढें जगभर गेलीं. १९९२ सालीं तर टॉड मॅक्फर्लेन, जिम ली, एरिक लार्सन प्रभृति सात लोकप्रिय चित्रकारांनीं 'इमेज कॉमिक्स' ही संस्था स्थापिली. संस्थेची मालकी केवळ तिच्या नांवावर आणि चिन्हावर. पात्रें ज्याचीं त्याचीं. मॅक्फर्लेनच्या 'स्पॉन'चा पहिला अंक सुमारें १७ लाख खपला.

या स्वातंत्र्यानें वाचकास काय दिलें? लार्सनच्या 'सॅव्हेज ड्रॅगन' या मालेंत काळ खऱ्या जगाप्रमाणेंच पुढें सरकतो. नायकाचा मुलगा माल्कम जन्मला, वाढला, संसारी झाला आणि पित्याच्या जागीं उभा राहिला. तीस वर्षांहून अधिक काळ ही कथा एकाच हातानें लिहिली व चितारली आहे. कर्ट ब्यूसिकच्या 'ॲस्ट्रो सिटी'च्या १९९५ मधील पहिल्या अंकांत एक सर्वशक्तिमान वीर दिवसभर लोकांचे प्राण वांचवीत धांवतो आणि रात्रीं, आज आपण आकाशांत किती सेकंद उडालों, याचा हिशेब करतो. कारण उडण्याचा आनंद त्याच्या वांट्यास तेवढाच येतो. रॉबर्ट कर्कमनच्या 'इन्व्हिन्सिबल'मध्यें पृथ्वीचा थोर रक्षक हा परक्या साम्राज्याचा हस्तक निघतो आणि त्याच्या मुलास पित्याशींच झुंजावें लागतें. २००३ सालीं सुरू झालेली ही कथा २०१८ सालीं १४४ व्या अंकास लेखकानें स्वेच्छेनें संपविली. येथें झालेली जखम पुढील महिन्यांत पुसली जात नाहीं, ही खात्रीच वाचकास या कथांकडे ओढते.

अर्थात् स्वतंत्र म्हटलें म्हणजे सर्व निर्मळ असें समजण्याचें कारण नाहीं. 'स्पॉन'साठीं बाहेरच्या एका लेखकानें निर्माण केलेल्या पात्रांवरून मॅक्फर्लेनवरच दावा झाला आणि त्या लेखकाचा हक्क २००४ सालीं वरिष्ठ न्यायालयानें कायम केला. मालकीसाठीं बंड करणारा स्वतः मालक झाला, म्हणजे त्याचीही कसोटी लागते. कासवेंदेखील २००९ सालीं ६ कोटी डॉलरांस व्हायाकॉम या बड्या कंपनीकडे गेलीं.

परंतु १३० डॉलरांची विक्री आणि ६ कोटींची विक्री यांतील भेद केवळ रकमेचा नव्हे. सीगल-शूस्टर यांस आपण काय विकीत आहों याची कल्पना नव्हती. पुढच्या पिढीनें विकावयाचें कीं ठेवावयाचें, चालवावयाचें कीं थांबवावयाचें, हें स्वतः ठरविलें. कथा संपविण्याचा अधिकार हाच कथाकाराचा खरा अधिकार होय. तो ज्याच्या हातीं असतो, त्याचाच वीर जन्मतो, वाढतो आणि निरोप घेऊं शकतो.