जीप विकली, पण खोटं बोलून नाही

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या रविवारी आमची जीप विकली. महिंद्रा सीजे-थ्रीबी, 1968 चं मॉडेल. उंच बॉनेट, आत तीन दांडे: एक गिअरचा, एक फोर बाय फोरचा, एक लो गिअरचा. वडील अॅम्युनिशन फॅक्टरीत कामाला होते. 1984 मध्ये त्यांनी ती सेकंडहॅंड घेतली, तेव्हा आई आठ दिवस बोलली नव्हती.

विकायला काढल्यावर पहिला फोन आला तो असा, "दादा, मिलिटरीची आहे ना? खडकीची म्हणजे मिलिटरीचीच असणार." मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मग हिरवा रंग मारून द्या, लढाईतली आहे म्हणून सांगू. सव्वादोन लाख देतो." मी दीड सांगितले होते. पाऊण लाखाचा फरक. पोराची कॉलेजची फी भरायची आहे, त्यामुळे रात्री झोप लागली नाही हे कबूल करतो.

त्याचा गैरसमज का झाला, तेही समजून घेऊ. आपली खडकी 5 नोव्हेंबर 1817 च्या लढाईने इतिहासात आली. बापू गोखल्यांची फौज आणि कंपनी सरकारची पलटण इथेच भिडली. मग छावणी पडली, 1869 मध्ये दारूगोळ्याचा कारखाना आला, पुढे सॅपर्स, 512 वर्कशॉप, रणगाड्यांचा डेपो. त्यामुळे खडकीत कुठलीही जुनी गाडी दिसली की लोकांना ती लष्कराचीच वाटते.

खरी लढाईतली जीप वेगळी. 1940 मध्ये अमेरिकन लष्कराला हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी हवी होती. पहिला नमुना बॅंटम या छोट्या कंपनीने केला, पण महायुद्धात विलीज आणि फोर्डने मिळून सहा लाखांहून जास्त गाड्या बनवल्या. 1945 मध्ये महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्रा अॅण्ड मोहम्मद' कंपनी काढली. फाळणीनंतर मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे आधी अर्थमंत्री आणि मग गव्हर्नर जनरल झाले. इकडे 1948 मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अॅण्ड महिंद्रा' झालं आणि विलीजची जीप आपल्याकडे रुजली. आमची गाडी त्या घराण्यातली, पण रणांगणावर कधीच गेलेली नाही.

आणि जुन्या जीपच्या व्यवहारात फसलेलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण, माहितीये? आपलं सरकार! 1948 मध्ये काश्मीरची लढाई चालू असताना लंडनमधले आपले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी लष्करासाठी जीप घेण्याचा करार केला. सुमारे 80 लाखांचा व्यवहार. बहुतेक पैसे आधीच दिले गेले, आल्या फक्त 155 जीप, आणि त्याही वापरण्याजोग्या नव्हत्या. नियम डावलल्याचा आरोप झाला, संसदेत गदारोळ झाला, 1955 मध्ये सरकारने प्रकरण बंद केलं. गाडी बघायच्या आधी पैसे देऊ नयेत, हे आपल्या गॅरेजमधला पोरगाही सांगतो.

आता कायद्याचं. मोटार वाहन नियमांतला 121 वा नियम सांगतो की संरक्षण खात्याच्या गाड्यांशिवाय कुणीही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग द्यायचा नाही. म्हणजे तो 'हिरवा रंग' सरळसरळ बेकायदा. रस्त्यावर अशा किती फिरतात ते तुम्ही बघताच.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. 50 वर्षांवरची गाडी, मूळ रूपातली, तर तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी मिळते. नोंदणी 20 हजार रुपये. छान. पण चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको. आमच्या जीपचं पेट्रोल इंजिन वडिलांनी 1991 मध्ये काढलं आणि डिझेल बसवलं. रीतसर परवानगीने, आरसीवर नोंद आहे. पेट्रोल परवडत नव्हतं म्हणून. खेड्यापाड्यातल्या बहुतेक जीप अशाच जगल्या. म्हणजे शेडमध्ये झाकून ठेवलेली गाडी वारसा, आणि पन्नास वर्षं राबलेली गाडी नुसतीच म्हातारी! तिला दर पाच वर्षांनी फिटनेस, हरित कर आणि नूतनीकरण. तीच फी 1 एप्रिल 2022 ला 600 वरून 5,000 झाली आणि पुढे आणखी वाढली. धूर आणि सुरक्षेसाठी तपासणी हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण प्रामाणिकपणे नोंद केलेल्या जुन्या गाडीला काहीतरी जागा हवी की नको?

कारण या गाडीचा इतिहास त्या बदलांतच आहे. वर्कशॉपमधून रिटायर झालेल्या एका मिस्त्रीकाकांनी ते इंजिन बसवलं. माउंटिंग स्वतः वेल्डिंग करून बनवले, अजून हललेले नाहीत. 30 जुलै 2014 ला माळीणवर डोंगर कोसळला, तेव्हा मी बातमीसाठी याच जीपने निघालो. चिखलात लो गिअर टाकून जसजसं पुढे गेलो, तसतसं बातमीचं भान सुटत गेलं. नंतरचे दोन दिवस जीपमधून पाण्याची पिंपं आणि माणसं नेली. मूळ इंजिन असतं तर गाडी व्हिंटेज ठरली असती. त्या दिवशी घाट चढली असती की नाही, सांगता येत नाही.

शेवटी कागदावर सगळं लिहिलं. मागच्या क्रॉस मेंबरला गंज. सेकंड गिअर कधीकधी निसटतो. ब्रेक मारला की डावीकडे ओढते. इंजिन बदललेलं. लष्कराशी संबंध नाही. कागद पाहून दोघं परत गेले. तिसरा मुळशीतला शेतकरी. त्याने खाली झोपून टॉर्चने गंज बघितला, बोटाने खरवडला आणि म्हणाला, "एवढं सगळं सांगितलंत, म्हणजे उरलेलं ठीक असणार." एक लाख चाळीसला व्यवहार झाला. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या केल्या. विकणाऱ्यांनो, हे विसरू नका, नाहीतर उद्या अपघात झाला तर नोटीस तुमच्याच दारात.

तो निघाला तेव्हा आई दारात आली. चाळीस वर्षं त्या गाडीला नावं ठेवणारी आई. तिने बॉनेटवर हात ठेवला आणि त्याला म्हणाली, "चढावर रडते जरा, घाबरू नका. पोचवते."