तिसरी-चौथीतलं पहिलं कम्युनियन

कॅथलिक प्राथमिक शाळेत तिसरी-चौथीच्या मोजक्या मुलांची पहिल्या कम्युनियनची, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याची, वेगळी तयारी चालते. दहा आज्ञा पाठ होतात, फादरांपुढे पापांची कबुली कशी द्यायची ते सांगितलं जातं. मग अभिषेक न झालेल्या पांढऱ्या चकत्या घेऊन सराव. डावा तळहात उजव्यावर, फादर म्हणणार ‘ख्रिस्ताचं शरीर’, आपण म्हणायचं ‘आमेन’, आणि जागचं हलण्याआधी चकती तोंडात. टाळूला चिकटली तरी बोट घालायचं नाही, ही सूचना सिस्टर हमखास देतात, कारण ती हमखास चिकटते.

हे सगळं येशूच्या काळापासून असंच चालत आलं असणार, असं पाहणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात सात-आठ वर्षांच्या मुलांना हा संस्कार देण्याची आजची रीत सव्वाशे वर्षांचीही नाही.

सुरुवातीच्या शतकांत तयारी व्हायची ती मोठ्यांची. ‘प्रेषितीय परंपरा’ या जुन्या ग्रंथात तीन वर्षांची उमेदवारी सांगितली आहे. ख्रिस्ती घरातल्या तान्ह्या बाळाला मात्र स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) दिवशीच द्राक्षरसाचा थेंब मिळे. केरळच्या ऑर्थोडॉक्स आणि याकोबाइट मंडळींत बाळाला आजही त्याच दिवशी प्रसाद देतात. पश्चिमेकडे बाराव्या-तेराव्या शतकात सामान्य भाविकांना द्राक्षरसाचा प्याला देणं बंद होत गेलं, आणि भाकर गिळता न येणारं बाळ आपोआप बाहेर राहिलं. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने ठरवलं की समज आलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी पापांची कबुली द्यावी आणि पास्खाच्या (ईस्टरच्या) सणाला ख्रिस्तप्रसाद घ्यावा. समज कधी येते, यावर मात्र एकमत झालं नाही. कुठे दहावं वर्ष धरलं, कुठे बारावं, कुठे चौदावं. फ्रान्समध्ये तर हा सोहळा म्हणजे बालपणाचा निरोपसमारंभच झाला. तो उरकला की गरिबाचं पोर कामाला लागे.

ही घडी मोडली दहाव्या पायस पोपनी. 8 ऑगस्ट 1910 च्या ‘क्वाम सिंग्युलारी’ या हुकुमाने त्यांनी वय सातच्या आसपास आणलं. मुंजीला आठवं वर्ष धरणाऱ्या आपल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही, पण युरोपातल्या अनेक धर्मगुरूंना धक्का बसला. एवढ्याशा पोराला काय कळणार, हा त्यांचा सवाल. पायस यांचं उत्तर असं की सगळं कळायची गरजच नाही. श्रद्धेच्या मुख्य गोष्टी आपल्या कुवतीप्रमाणे समजाव्यात, आणि ही भाकर नेहमीची भाकर नव्हे एवढा फरक ओळखता यावा. प्राथमिक शाळेतल्या या तासाचा जन्म खरा त्या हुकुमातला.

मुलांना धर्म शिकवण्याची परंपरा अर्थात त्याहून जुनी. 1542 साली गोव्यात उतरलेला फ्रान्सिस झेवियर रस्त्यातून घंटा वाजवत पोरं गोळा करी. त्याची प्रश्नोत्तरी 1557 मध्ये गोव्यात छापली गेली. भारतात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. पुढे 1616 मध्ये फादर स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ आलं. मराठी ख्रिस्ती शिक्षणाचा तो कळस, आणि माझ्या मते नंतर इतकं रसाळ पाठ्यपुस्तक या विषयाला लाभलंच नाही.

गोव्याहून दूर, सातपुड्यातल्या नंदुरबार जिल्ह्यात ही परंपरा उशिरा आणि बारीक धारेने पोचली. नवापूर-चिंचपाड्याकडे ख्रिस्ती म्हटलं की लोकांना आधी प्रोटेस्टंट मिशन आठवतं. कॅथलिक थोडे. हा जिल्हा 1987 मध्ये पुण्यापासून वेगळ्या झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतो. कॅथलिक शाळांत बहुसंख्य मुलं ख्रिस्ती नसतातच. शिवाय राज्यघटनेच्या 28 व्या कलमानुसार सरकारमान्य वा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कुणाच्याही मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. म्हणून हा तास वेगळा लागतो, आणि त्या वेळी बाकीच्यांना मूल्यशिक्षण.

पायस यांची दुसरी अट, ही भाकर वेगळी आहे हे ओळखण्याची, इथे अगदी सोपी होते. घरात भाकर ज्वारीची किंवा मक्याची, वेदीवरची चकती मात्र नियमाने निव्वळ गव्हाची आणि बिनखमिराची. दोन्ही एक नव्हेत हे सातपुड्यातल्या मुलाला जिभेवरच कळतं. त्यापलीकडचा फरक शिकवणाऱ्याने सांगायचा.

अवघड आहे ते वेगळंच. पायस यांच्या हुकुमात मुलाच्या तयारीची जबाबदारी शाळेच्या आधी आईबापांवर टाकली आहे. आजचा चर्चचा कायदाही तेच सांगतो. इथले कितीतरी आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. मूल वसतिगृहात राहिलं तर तयारी सिस्टरांच्या गळ्यात, आणि सोबत गेलं तर तयारीच राहिली.

माणूस हमखास गावी येतो तो होळीला. काठी गावची होळी पहाटे पेटते तेव्हा सातपुड्यातला कामकरी परत आलेला असतो. होळी आणि पास्खा, दोन्ही सण पौर्णिमेशी बांधलेले. 2024 मध्ये होळी आणि पास्खाच्या आधीचा झावळ्यांचा रविवार एकाच दिवशी, 24 मार्चला आले. 2025 मध्ये होळी 13 मार्चला आणि पास्खा पार 20 एप्रिलला. तारखा ठरवणाऱ्या फादर-सिस्टरांना एवढंच सुचवावंसं वाटतं की जूनच्या वेळापत्रकासोबत पंचांगही उघडावं, आणि पालकांना बोलवायचे तास होळीच्या आठवड्यात ठेवावेत.