लाखेपासून खटक्यापर्यंत



प्रतिक्रमणात आपण पंधरा कर्मादानं म्हणतो, त्यात ‘लक्खवाणिज्जे’ येतं. लाखेचा व्यापार श्रावकाला का वर्ज्य, तर लाख हा किड्यांनी झाडाच्या फांदीवर केलेला थर आणि ती काढताना ते किडे मरतात. पण विजेच्या सुरुवातीच्या काळात तारांना आणि उपकरणांना आवरण देण्यासाठी हीच लाख वापरायचे, कारण तिच्यातून वीज जात नाही. मागणी इतकी वाढली की लिओ बेकलंड नावाचा रसायनशास्त्रज्ञ तिला पर्याय शोधू लागला. १९०७ साली त्याला बेकेलाइट सापडलं. जुन्या घरांत लाकडी पट्टीवर बसवलेले ते काळे, टकटक वाजणारे खटके याच बेकेलाइटचे. बेकलंडच्या मनात अहिंसा नव्हती, त्याला स्वस्त माल हवा होता. तरी किती जीव वाचले असतील!

आमचं इनामगाव मात्र याहून फार जुन्या उजेडासाठी प्रसिद्ध. घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं, तेव्हा तीन हजार वर्षांहून जुनी मातीची घरं निघाली. त्या घरांत विस्तवाचे खड्डे होते. स्वयंपाक, ऊब आणि उजेड, सगळं तिथेच. त्यानंतर चूल बदलली, दिव्यातलं तेल बदललं, पण उजेडासाठी विस्तव लावणं सुटलं नाही.

वीज आली ती आपल्याच जिल्ह्याच्या पाण्यावर. लोणावळा, वळवण, शिरवता इथे तलाव बांधून टाटांनी १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू केलं, आणि वीज गेली मुंबईच्या गिरण्यांना. पुढच्या धरणात आपल्या जमिनी जाऊ नयेत म्हणून मुळशीचे शेतकरी १९२१ पासून सेनापती बापटांबरोबर लढले. जमिनी बुडाल्याच. दिव्याभोवतीच्या पतंगांची हिंसा आपण मोजतो, ही मोजत नाही. खेड्यापाड्यांत तारा पोचवण्याचं काम १९६० साली स्थापन झालेल्या राज्य विद्युत मंडळाकडे आलं.

आपल्या प्लगच्या तीन गोल पिना इंग्रजांच्या १९३४ च्या नमुन्यावरून आल्या. त्यांनी स्वतः १९४७ साली चौकोनी पिना काढल्या. आपण गोल ठेवल्या. वरची पिन लांब आणि जाड असते, ती उगीच नाही. ती अर्थिंगची. आधी आत शिरते आणि सर्वांत शेवटी बाहेर येते. नव्या सॉकेटात तीच आतला पडदा उघडते, म्हणून लहान मुलाने खिळा घातला तरी सहसा धक्का बसत नाही. जुन्या दोन भोकांच्या सॉकेटात आगपेटीच्या काड्यांनी उघड्या तारा अडकवणाऱ्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत, त्याही ओल्या हातांनी.

यंदा घराचं वायरिंग बदललं तेव्हा वायरमनला मी हिशेब विचारला. २००० वॉटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, त्याला ६ अँपिअरचं सॉकेट चालत नाही, १६ चंच हवं. शिवाय ३० मिलीअँपिअरला तुटणारा आरसीसीबी बसवून घेतला. सासूबाई म्हणाल्या, “एवढ्या पैशात आणखी एक कपाट झालं असतं.” झालं असतं, खरंच.

पण सगळ्यात जास्त चर्चा झाली ती बटणांच्या जागेवर. बहुतेक परंपरांत वीज तेउकाय मानतात. तेरापंथात ती अचित्त असल्याचाही विचार मांडला गेला. आमच्याकडे मात्र महाराजसाहेब गोचरीला आले असताना बटणाला हात लागला तर घर असूझतं होतं. जुना बोर्ड स्वयंपाकघराच्या दारालगतच होता, पदर सावरताना हात तिथेच जायचा. आता तो आतल्या भिंतीवर नेलाय. माणूस दिसताच आपोआप लागणारा दिवा वायरमनने फार आग्रहाने सुचवला होता. तो नको म्हटलं, कारण महासतीजींनी उंबरठ्यात पाऊल ठेवताच दिवा लागला तर त्या पातरं घेऊन तशाच परत फिरतील. दाराच्या घंटेचा खटका त्याने अजून लावलेला नाही. तो कुठे लावायचा यावर घरात एकमत व्हायचंय.