हिमोग्लोबिन : रचनेचा शोध आणि उरलेले कोडे

हिमोग्लोबिन या प्रथिनाची रचना व तिचे कार्य यांचे ज्ञान कोणत्या क्रमाने झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत आधी रचना येते आणि तिच्यावरून कार्य ओघानेच उलगडते. प्रत्यक्ष इतिहास इतका सरळ नाही.

कोपनहेगन येथे ख्रिस्तियान बोर, हॅसेलबाल्ख आणि क्रोग यांनी १९०४ मध्ये रक्त व ऑक्सिजन यांच्या संयोगाचा आलेख प्रसिद्ध केला. तो इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा वळलेला होता. पहिला ऑक्सिजन रेणू कष्टाने जोडला जातो, पुढचे अधिकाधिक सहजतेने, असा त्याचा अर्थ. त्यामुळेच फुप्फुसांत हिमोग्लोबिन भरून जाते आणि ऊतींत मोठा वाटा सोडून देते. कार्बन डायऑक्साइड वाढला की ही पकड आणखी सैल होते. मात्र एका हीमला जोडलेल्या ऑक्सिजनची वार्ता दुसऱ्या हीमला कशी कळते, हे आलेखावरून कळण्यासारखे नव्हते.

मॅक्स पेरुत्झ यांनी १९३७ मध्ये केंब्रिज येथे हिमोग्लोबिनच्या स्फटिकांवर क्ष-किरणांचे काम हाती घेतले. पुढच्याच वर्षी प्राग येथे फेलिक्स हाउरोवित्झ यांना सूक्ष्मदर्शकाखाली एक विलक्षण गोष्ट दिसली. ऑक्सिजनरहित हिमोग्लोबिनच्या स्फटिकांपर्यंत हवा पोहोचताच ते मोडले आणि निराळ्या आकाराचे स्फटिक तयार झाले. श्वासागणिक हा रेणू आपला आकार बदलतो, याचे ते पहिले चिन्ह होते.

पेरुत्झ यांची अडचण वेगळीच होती. क्ष-किरणांच्या छायाचित्रांतून ठिपक्यांची तीव्रता मिळे, पण लहरींची कला (म्हणजे त्यांचा परस्परसापेक्ष टप्पा) मिळत नसे आणि तिच्यावाचून रचना काढता येत नसे. मध्यंतरी १९४० मध्ये ‘शत्रुराष्ट्राचा नागरिक’ म्हणून त्यांना स्थानबद्ध करून कॅनडात पाठविण्यात आले, तेही दिवस गेले. अखेर १९५३ मध्ये रेणूला पाऱ्याचे अणू जोडून ही अडचण सुटली. जॉन केंड्रू यांनी तीच पद्धत स्पर्म देवमाशाच्या स्नायूंतील मायोग्लोबिनला लावली. त्यात साखळी एक, हीमही एक. म्हणून काम तुलनेने सोपे. त्याची रचना १९५८ मध्ये, तर घोड्याच्या हिमोग्लोबिनची १९६० मध्ये प्रसिद्ध झाली. हिमोग्लोबिनच्या चारही साखळ्या मायोग्लोबिनसारख्याच दुमडलेल्या निघाल्या. १९६२ मध्ये दोघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथेच पाठ्यपुस्तके बहुधा थांबतात. वस्तुतः या रचनेने कोडे अधिकच गहन केले होते. हीम शेजारी असतील, अशी अनेकांची अपेक्षा होती. ते निघाले परस्परांपासून सुमारे २५ आंगस्ट्रॉम वा त्याहून दूर. इतक्या अंतरावर थेट परिणाम अशक्यच. उत्तरासाठी दुसरे, ऑक्सिजनरहित रूप पाहणे भाग होते. ते हिलरी म्युअरहेड व पेरुत्झ यांनी १९६३ मध्ये दाखविले. त्यात दोन बीटा साखळ्या एकमेकींपासून दूर सरकलेल्या होत्या. १९६५ मध्ये मोनो, वायमन व शांझ्यू यांनी दोन अवस्थांचा सिद्धान्त मांडला.

१९७० मध्ये पेरुत्झ यांनी यंत्रणा सांगितली. ऑक्सिजन नसताना लोहाचा अणू हीमच्या पातळीबाहेर किंचित झुकलेला असतो. ऑक्सिजन जोडला जाताच तो आत सरकतो व आपल्याला जोडलेल्या हिस्टिडीनला ओढतो. ही ओढ साखळ्यांच्या सांध्यांपर्यंत पोहोचते, त्यांतील क्षारबंध तुटतात आणि रेणूचा एक अर्धा भाग दुसऱ्याच्या संदर्भात सुमारे १५ अंशांनी फिरतो. या मांडणीच्या तपशिलांवर पुढे पुष्कळ वाद झाला. परंतु प्रागमधल्या काचपट्टीवर १९३८ साली स्फटिक मोडला, तो रेणूच्या याच आकारबदलाने.