यंत्र आपले, किल्ली कोणाची?

ज्यांच्या घरी १९९०च्या दशकात मुले लहान होती, त्यांना ‘ब्रिक गेम’ नक्की आठवत असेल. जत्रेत नाहीतर स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्याकडे मिळणारे ते प्लास्टिकचे खेळणे. दोन पेन्सिल सेल घालायचे आणि वरून पडणाऱ्या विटा रचत बसायचे. मुले झोपली की मोठी माणसेही तो हळूच हातात घेत. त्यावर ‘९९९९ गेम’ असे ठळक छापलेले असे. प्रत्यक्षात मोजून काही खेळ असत, बाकी सगळा वेग बदलण्याचा मामला!

त्या खेळण्याबद्दल एक प्रश्न तेव्हा आपल्याला पडला नाही. यात मी स्वतः तयार केलेला एखादा खेळ घालता येईल का? आता तुम्ही म्हणाल, खेळणेच ते, त्यात कोण काय घालणार? पण जगातल्या काही हजार हौशी माणसांना हा प्रश्न पडला आणि त्यातून हातात मावणाऱ्या यंत्रांचा एक वेगळाच इतिहास घडला. तो आज सांगायचा आहे, कारण तो प्रश्न आता तुमच्या-माझ्या खिशात येऊन बसला आहे.

सुरुवात जपानपासून करू. निन्टेंडो या कंपनीत गुनपेई योकोई नावाचे अभियंते होते. आगगाडीत कंटाळलेला एक नोकरदार गणकयंत्राच्या बटणांशी चाळा करत बसलेला पाहून त्यांना खिशातल्या खेळाची कल्पना सुचली, असे सांगतात. त्यातून १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ आला आणि एप्रिल १९८९ मध्ये ‘गेमबॉय’. योकोईंचे तत्त्व साधे होते. नवे, महागडे तंत्र घेऊ नका. मुरलेले, स्वस्त झालेले तंत्र घ्या आणि त्याचा नवा उपयोग शोधा. म्हणून गेमबॉयचा पडदा हिरवट होता, रंग नव्हते. पण चार सेलवर तो बारा-पंधरा तास चाले. सेगा कंपनीचा ‘गेम गिअर’ १९९० मध्ये रंगीत पडदा घेऊन आला, पण सहा सेल काही तासांतच संपवू लागला. गिऱ्हाइकाने कौल कोणाला दिला? गेमबॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८० लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली.

आता या यंत्राच्या कुलपाकडे पाहू. गेमबॉय सुरू केला की पडद्यावर वरून कंपनीचे नाव सरकत खाली येई. बघणाऱ्याला ती सजावट वाटे. प्रत्यक्षात ती झडती होती. त्या नावाचे चित्र यंत्रातही साठवलेले असे आणि खेळाच्या कॅसेटमध्येही. यंत्र दोन्ही चित्रे ठिपक्याला ठिपका लावून ताडून पाही आणि फरक दिसला की तिथेच थांबे. बरे, कोणी ते चित्र आपल्या कॅसेटमध्ये उतरवून घेतले तर? ते पडले कंपनीचे नोंदणीकृत बोधचिन्ह. परवानगीविना वापरले की कोर्टाची पायरी चढण्याची तयारी ठेवायची. म्हणजे एक कुलूप यंत्राचे आणि दुसरे कायद्याचे.

यात नुसता दुष्टपणा होता असे मात्र समजू नये. १९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. कोणीही उठावे, सुमार खेळ काढावा आणि विकावा, असे चालले होते. लोकांचा विश्वासच उडाला. त्यानंतर आपल्या यंत्रावर काय चालेल ते आपणच ठरवायचे, असा धडा निन्टेंडोने घेतला. दुसरे कारण जमाखर्चाचे. या धंद्यात यंत्र बहुधा थोड्या नफ्यावर, कधी तोट्यातही विकले जाते आणि खरी कमाई खेळांवर होते. बाहेरच्या कंपनीने खेळ काढला तरी यंत्रवाल्याला त्याचा वाटा द्यावा लागतो. कुलूप काढले, तर तो वाटा कोण देणार?

मुंबईकरांना हा व्यवहार लगेच कळेल. ही पागडीची खोली. तुम्ही एकरकमी पैसे मोजलेत, खोलीत राहता, दारावर तुमच्या नावाची पाटी आहे. पण भिंत पाडायची तर मालकाला विचारा.

या पद्धतीला पहिला लक्षात राहण्यासारखा पर्याय आला दक्षिण कोरियातून. २००१च्या अखेरीस गेम पार्क या छोट्या कंपनीने ‘जीपी३२’ नावाचे यंत्र बाजारात आणले. गेमबॉयसारखेच हातात धरायचे, दोन पेन्सिल सेलवर चालणारे. पण मोठमोठे खेळ लिहिणाऱ्या कंपन्या काही तिच्याकडे फारशा फिरकल्या नाहीत. तिने हौशी प्रोग्रॅमरांना दार उघडे ठेवले. प्रोग्रॅम लिहायची साधने दिली; आपला प्रोग्रॅम मेमरी कार्डावर घ्यावा आणि यंत्रात चालवावा. युरोपातल्या हौशी मंडळींनी ते यंत्र अक्षरशः डोक्यावर घेतले.

मग आले २००४ साल. हे वर्ष या इतिहासात फार मोलाचे. वर्षाच्या अखेरीस निन्टेंडोचे ‘डीएस’ आणि सोनीचे ‘पीएसपी’ ही दोन यंत्रे पाठोपाठ आली. पुढे पहिले १५ कोटींवर गेले, दुसरे साडेसात कोटींच्या पुढे. आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्याकडे बंगळुरात काय झाले? ‘अमिडा सिम्प्युटर’ विक्रीला आला. भारतीय विज्ञान संस्थेतले काही प्राध्यापक आणि एन्कोर ही कंपनी यांनी १९९८च्या सुमारास हा घाट घातला होता. हा खेळ नव्हता, गावागावात वापरता यावा असा हातातला संगणक होता. त्यात लिनक्स ही मुक्त प्रणाली होती, अक्षरओळख नसलेल्यांसाठी भारतीय भाषांत मजकूर बोलून दाखवायची सोय होती आणि एकच यंत्र अनेकांना आळीपाळीने वापरता यावे म्हणून स्मार्ट कार्डाची खाच होती. त्याहून विशेष म्हणजे यंत्राचा आराखडाही खुला होता. कोणीही परवाना घ्यावा, यंत्र बनवावे आणि आपण केलेल्या सुधारणा ठराविक मुदतीनंतर सर्वांसाठी परत द्याव्यात, अशी अट होती.

कल्पना थोर, पण बाजाराने साथ दिली नाही. सर्वांत स्वस्त यंत्रही सुमारे दहा हजारांना पडे. विक्री काही हजारांतच अडकली. उत्पादन कमी म्हणून किंमत जास्त आणि किंमत जास्त म्हणून खप कमी! पीएसपीचा तोटा पुढे खेळांच्या विक्रीतून भरून काढता येई. सिम्प्युटरच्या मागे अशी दुसरी कमाई नव्हती. खुल्या यंत्रांचे सगळे दुखणे या एका हिशेबात आहे. ज्याला पुढे काही विकायचे नाही, त्याला सगळी किंमत पहिल्याच दिवशी मागावी लागते.

इकडे पीएसपीच्या घरात वेगळेच नाट्य रंगले. जपानमध्ये विकलेल्या पहिल्या यंत्रांवर बाहेरचे प्रोग्रॅम सरळ चालतात, हे २००५ मध्ये हौशी मंडळींच्या ध्यानात आले. सोनीने यंत्रातली मूळ प्रणाली सुधारून ती फट बुजवली. पण सुधारणा घ्यायला लावायची कशी? तिच्याबरोबर इंटरनेट पाहण्याची सोय दिली. नवी सोय हवी तर जुनी मोकळीक सोडा! त्याच वर्षी सप्टेंबरात कोणीतरी शोधून काढले की विशिष्ट रीतीने बिघडवलेले एक छायाचित्र उघडले की यंत्र गोंधळते आणि कुलूप सुटते. पुन्हा सुधारणा, पुन्हा नवी फट. हा खेळ वर्षानुवर्षे चालला. आपल्याच पैशाने घेतलेल्या वस्तूत चोरवाटेने शिरायची पाळी आली होती.

नोव्हेंबर २००५ मध्ये कोरियातूनच ‘जीपी२एक्स’ आले. गेम पार्कमधून वेगळ्या झालेल्या मंडळींनी ते काढले होते. आत लिनक्स, दोन प्रोसेसर आणि कुलूप नाही. तक्रारी मात्र भरपूर. साधे सेल बघता बघता संपत. रिचार्जचे चांगले सेल घेतल्याशिवाय गत्यंतर नसे. आणखी एक गोष्ट खरेपणाने सांगायला हवी. या यंत्रांवर नवे खेळ लिहिणारे होते, पण बहुसंख्य लोक जुन्या यंत्रांची नक्कल करणारे प्रोग्रॅम घालून जुनेच खेळ खेळत आणि ते सगळे खेळ विकत घेतलेले नसत. कुलूपवाल्यांची तक्रार अगदीच खोटी नव्हती.

मग या हौशींनीच ठरवले की यंत्रही आपणच बनवू. ब्रिटन, जर्मनी वगैरे देशांत विखुरलेल्या काही जणांनी ‘पँडोरा’ची योजना मांडली. टाइपरायटरसारखी अक्षरांची बटणे, खेळाच्या दोन छोट्या दांड्या, स्पर्शाने चालणारा पडदा, आत लिनक्स. एकूण खिशात मावणारा पुरा संगणक. किंमत सुमारे २०० पौंड. ३० सप्टेंबर २००८ रोजी आगाऊ नोंदणी सुरू झाली आणि लोकांनी पूर्ण पैसे भरले. यंत्र वर्षअखेर मिळायचे होते. प्लास्टिकच्या साच्यात अडचणी आल्या, विजेच्या पट्ट्या सदोष निघू लागल्या, भांडवल आटले. पहिली यंत्रे रवाना व्हायला मे २०१० उजाडला आणि अनेकांना त्यानंतरही ताटकळावे लागले. शेवटी उत्पादन जर्मनीत हलवले, तेव्हा गाडी रुळावर आली. सगळी मिळून यंत्रे काही हजारच झाली. निन्टेंडोच्या बड्या कारखानदारीची किंमत काय असते, ते या लोकांना चांगले कळले असणार.

म्हणजे पागडीच्या खोलीला पर्याय होता तो मोकळ्या प्लॉटचा. तिथे भिंत कुठेही बांधा, कोणी विचारणार नाही. पण विहीरही आपणच खणायची.

मग शहाणे कोण? वीस वर्षांनी मागे पाहताना उत्तर थोडे बदलते. गेम पार्क २००७ मध्ये बुडाली, पण तिच्या यंत्रांवर लोकांनी लिहिलेले प्रोग्रॅम आजही चालतात. त्यांना कंपनीची गरजच नव्हती. उलट पीएसपीवरचे दुकान सोनीने पुढे बंद केले. निन्टेंडोच्या थ्रीडीएस यंत्रावरची खेळविक्री मार्च २०२३ मध्ये थांबली आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये इंटरनेटवरून एकमेकांशी खेळण्याची सोयही गेली. मे २०२५ मध्ये तर निन्टेंडोने अमेरिकेतल्या ग्राहकांसाठीच्या करारात नवे कलम घातले. नियम मोडून यंत्रात फेरफार केला, तर कंपनी ते यंत्र कायमचे निकामी करू शकते! बंद खोलीत सुख असते, पण मालक असेपर्यंत आणि मालकाच्या मर्जीपर्यंत.

एक आशेची खूणही आहे. अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘स्टीम डेक’ आणले. आत लिनक्स आहे. दुसरी प्रणाली घालायची तर मालकाला मुभा आहे. सुटे भागही विकत मिळतात. कमाई होते ती कंपनीच्या खेळांच्या दुकानातून. म्हणजे पँडोरावाल्यांची मोकळीक आणि निन्टेंडोचा जमाखर्च एकत्र नांदू शकतात, हे एका मोठ्या कंपनीने दाखवून दिले. त्यासाठी पायवाट मात्र पाडली ती त्या काही हजार वेड्यांनी.

आणि आपण? आपल्या हातातला फोन हाही संगणकच आहे. त्यावर काय चालेल, काय नाही, किती वर्षे चालेल, हे बहुतेक वेळा दुसरेच कोणी ठरवते. सर्वांनी लिनक्स शिकावे असे माझे म्हणणे नाही. पण दुकानात आपण किंमत विचारतो, रंग विचारतो, कॅमेरा विचारतो. तेव्हा आणखी दोन प्रश्न विचारायला काय हरकत आहे? हे यंत्र मला उघडता येईल का? आणि उद्या तुमचे दुकान बंद झाले, तर हे चालेल का? दुकानदार कदाचित हसेल. पण असे विचारणारे गिऱ्हाईक वाढले की उत्तर तयार ठेवावेच लागते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)