पत्त्याचे व्याकरण : माढा, जुहू आणि संगणकीय टपालाची नियमरचना

माढ्यास पाठवावयाच्या पत्रावर ‘मु. पो. माढा, ता. माढा, जि. सोलापूर’ असा पत्ता घालण्याची रूढी आहे. एकच नाम येथे दोनदा येते. परंतु ही द्विरुक्ती नव्हे. पहिले माढा हे गाव व त्याची टपाल कचेरी, दुसरे माढा हा महसुली विभाग. लिहिणारा लहानाकडून मोठ्याकडे जातो, तर छाननी करणारा कारकून तीच ओळ उलट्या क्रमाने, जिल्ह्यापासून वाचू लागतो. एकाच पदबंधाचे लेखन एका दिशेने आणि अर्थग्रहण दुसऱ्या दिशेने व्हावे, ही गोष्ट भाषाभ्यासकाने सहज सोडून द्यावी अशी नाही.

या पत्त्याला आणखी एक अंग कधी कधी जोडले जाते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग 1859 मध्ये बार्शी रोड स्थानकापर्यंत आला आणि 1860 मध्ये सोलापुरास पोहोचला. बार्शी रोड म्हणजेच माढा तालुक्यातील आजचे कुर्डुवाडी. बार्शी हे व्यापारी गाव हमरस्त्यावर न येता बाजूस राहिले, आणि बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग 1897 मध्ये सुरू झाल्यावर कुर्डुवाडी हे हस्तांतराचे ठिकाण बनले. अशा प्रदेशात पत्त्याच्या शेवटी ‘व्हाया कुर्डुवाडी’ असे लिहिले गेले, तर त्या शब्दांचा धर्म इतर शब्दांहून अगदी वेगळा असतो. ‘जि. सोलापूर’ हे स्थळ सांगते. ‘व्हाया कुर्डुवाडी’ हे वाट सांगते. पहिल्यास स्थानवाचक व दुसऱ्यास मार्गवाचक पत्ता म्हणता येईल. स्थानवाचक पत्त्यात वाट शोधण्याचा भार वाहकावर असतो. मार्गवाचक पत्त्यात तो पाठवणाऱ्याने आपल्या शिरावर घेतलेला असतो.

15 ऑगस्ट 1972 रोजी भारतीय टपाल खात्याने सहा अंकी पिन क्रमांक सुरू केला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतातील नाणावलेले कवी होते, हा योगायोग मोठा सूचक आहे. माढ्याचा क्रमांक 413209. त्यातील पहिले तीन अंक छाननीचा जिल्हा दाखवतात व शेवटचे तीन टपाल कचेरी. म्हणजे अक्षरांतील पत्ता लहानाकडून मोठ्याकडे जातो, आणि त्याच्याच शेजारी लिहिलेला आकडा मोठ्याकडून लहानाकडे. पाठवणाऱ्याचे व्याकरण आणि वाहकाचे व्याकरण एकाच पाकिटावर शेजारी शेजारी नांदू लागले.

संगणकीय टपालात हाच प्रश्न अधिक तीव्रपणे पुढे आला, आणि महाराष्ट्रात तो प्रथम मुंबईस आला. 1986 मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हे शैक्षणिक जाळे हाती घेतले. पाच आय.आय.टी., बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, स्वतः इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र हे त्याचे आरंभीचे घटक होत. श्रीनिवासन रमणी हे या केंद्राचे संचालक होते. 1986–87 च्या सुमारास जुहूचे केंद्र आणि पवईची आय.आय.टी. यांच्यात टेलिफोन जोडून टपालाची देवघेव सुरू झाली. 1989 मध्ये जुहूहून अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या यूयूनेटपर्यंत भाड्याची तार मिळाली. तिची गती सेकंदास 9,600 बिट, म्हणजे फार तर बाराशे रोमन अक्षरे होती. देशातील संशोधकांचे परदेशी टपाल या चिंचोळ्या वाटेने जाई.

टेलिफोन ठरावीक वेळी जोडावयाचा, साठलेली पत्रे पुढे ढकलावयाची व पलीकडची आणावयाची, ही यूयूसीपी नावाच्या युनिक्स पद्धतीची रीत. तिचा पत्ता पूर्णपणे मार्गवाचक होता. पत्र ज्या ज्या यंत्रांतून जावयाचे त्यांची नावे डावीकडून उजवीकडे, मध्ये उद्गारचिन्ह घालून लिहीत. अखेरचे नाव पत्र घेणाऱ्याचे. याच्या उलट इंटरनेटचा पत्ता स्थानवाचक. त्यात व्यक्तीचे नाव, मग @ हे चिन्ह, मग संस्था आणि शेवटी देश असा क्रम असतो, ‘मु. पो.’ पद्धतीशी त्याचे नाते उघड आहे. भारताचे ‘.इन’ हे क्षेत्रनाम 1989 मध्ये नोंदले गेले व पुढे अनेक वर्षे त्याची व्यवस्था जुहूच्या केंद्राकडेच होती.

ही दोन व्याकरणे जेथे एकत्र आली तेथे खरी अडचण झाली. ‘क!ख@ग’ असा पत्ता घेतल्यास त्याचे दोन विग्रह संभवतात. ‘ग’ या यंत्राकडे जा, तेथून पत्र ‘क’मार्फत ‘ख’ला पोचेल, हा एक. आधी ‘क’कडे जा, तो ‘ख@ग’ या पत्त्यावर पुढे पाठवील, हा दुसरा. समासाचा विग्रह चुकला तर वाचक फार तर बुचकळ्यात पडतो. येथे पत्र भलत्या खंडात जाते, किंवा दोन यंत्रांच्या दरम्यान घिरट्या घालीत राहते. आणि दर मिनिटास पैसे मोजून जोडलेल्या परदेशी टेलिफोनवर अशा घिरट्या परवडणाऱ्या नव्हत्या.

बर्कली येथील एरिक ऑलमन याने 1983 मध्ये बर्कली युनिक्सच्या 4.2 आवृत्तीबरोबर दिलेली ‘सेंडमेल’ ही आज्ञावली या द्वयर्थतेवरचा उपाय होती. त्याची आधीची ‘डिलिव्हरमेल’ ही कृती पत्त्याचे नियम आज्ञावलीच्या पोटातच ठेवीत असे; जाळ्याचे रूप बदलले की आज्ञावली नव्याने बांधावी लागे. सेंडमेलमध्ये ते नियम बाहेर, संयोजनाच्या फाइलीत आले. प्रत्येक नियमाला डावे व उजवे अशी दोन अंगे असतात. पत्ता डाव्या अंगाशी जुळला की त्याचे उजव्या अंगाप्रमाणे पुनर्लेखन होते, आणि जोवर जुळत राहील तोवर तोच नियम पुन्हा लागू होतो. मग खालचा नियम. नियमांचे गटही क्रमांकाने बांधलेले असत. तिसरा गट पत्त्यास प्रमाणरूप देई, शून्य क्रमांकाचा गट तो कोणत्या वाहकाच्या हाती सोपवावयाचा ते ठरवी.

पाणिनीय परंपरेत वाढलेल्या वाचकास येथे सूत्रपाठाची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु साम्य ताणू नये. पाणिनीत दोन तुल्यबळ नियमांचा विरोध आल्यास नंतरचा प्रभावी ठरतो, आणि विशेष नियम सामान्य नियमाला बाधतो. सेंडमेलला विशेष-सामान्य यांचे ज्ञान नाही. जो वर लिहिला तो आधी लागतो, एवढेच ती जाणते. अपवाद उत्सर्गाच्या खाली लिहिला गेला तर अपवादापर्यंत पत्ता मूळ रूपात पोहोचतच नाही. शिवाय दोन अंगांच्या मध्ये टॅबचे चिन्हच हवे. त्याऐवजी कोऱ्या जागा पडल्या तर नियम निकामी होई, आणि ही चूक डोळ्यांना दिसत नसे. व्यवस्थापकांच्या कित्येक रात्री या अदृश्य चिन्हापायी खर्ची पडल्या असल्यास नवल नाही.

2 नोव्हेंबर 1988 रोजी पसरलेल्या मॉरिसच्या ‘कृमी’ने सेंडमेलचे दुसरे वैगुण्य उघडे केले. चुका शोधण्यासाठी ठेवलेली ‘डीबग’ ही आज्ञा बाहेरच्यासही वापरता येत होती, आणि आज्ञावली यंत्रावरील सर्वाधिकार घेऊन चालत असे. 1993 मधील आठव्या आवृत्तीपासून संयोजन संक्षिप्त सूत्रांतून तयार करण्याची सोय रुळली, तरी मूळ बांधणी तीच राहिली.

तोवर पत्त्यांची भाषाच बदलली होती. स्थानवाचक पत्ता सर्वत्र रूढ झाला आणि उद्गारचिन्हांची वाट मोडली. अनेक बोलींसाठी रचलेल्या व्याकरणाची गरज प्रमाणभाषेच्या प्रसारानंतर उरली नाही, असे याचे वर्णन करता येईल. म्हणूनच 1995 नंतर आलेल्या आज्ञावल्यांनी पुनर्लेखनाचे हे प्रचंड यंत्र टाकून दिले. केंब्रिजच्या फिलिप हेझेलची ‘एक्झिम’, डॅनियल बर्नस्टाइनची ‘क्यूमेल’ आणि व्हीत्से व्हेनेमाने आय.बी.एम.मध्ये लिहून 1998 मध्ये प्रसिद्ध केलेली ‘पोस्टफिक्स’ या त्यांतील प्रमुख होत. क्यूमेल व पोस्टफिक्स यांनी एका सर्वाधिकारी कारकुनाऐवजी कामे वाटून घेतलेले अनेक अल्पाधिकारी कारकून नेमले.

पोस्टफिक्सच्या मुख्य संयोजन-फाइलीतील थोड्या ओळी पाहिल्या तरी जुन्या टपालाचे प्रश्न ओळखू येतात. ‘मायडेस्टिनेशन’ ही नोंद कोणती पत्रे आपल्याच गावची ते सांगते, ती ‘मु. पो.’ होय. ‘रिलेहोस्ट’ म्हणजे बाकी सर्व टपाल ज्याच्या हाती द्यावयाचे ते पुढचे ठाणे, म्हणजेच ‘व्हाया’. ‘मायनेटवर्क्स’ ही नोंद कोणाची पत्रे पुढे न्यावयाची ते ठरवते, आणि तीत ढिलाई झाली तर परका माणूस आपल्या यंत्रातून हजारो पत्रे सोडून जातो. परक्यांचे टपाल पुढे न नेणे हे सेंडमेलने 1998 च्या 8.9 आवृत्तीतच नेहमीचे वर्तन म्हणून स्वीकारले. तोवरची वृत्ती वाटसरूचे पत्र निमूटपणे पुढे पोचवणाऱ्या गावकऱ्याची होती.

निवडीचा प्रश्न तालुक्याच्या गावी महानगराहून वेगळा ठरतो. विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले ते महानगरांत. जेथे तार अधूनमधूनच जुळते तेथे आज्ञावली किती थांबावयास तयार आहे, यास महत्त्व येते. मूळ संयोजनात काही बदल न करता सेंडमेल व पोस्टफिक्स न पोचलेले पत्र पाच दिवस जपून ठेवतात, एक्झिमचे नमुना-संयोजन चार दिवस, आणि क्यूमेल सात दिवस. हे आकडे बदलता येतात. पण ते रचनाकाराच्या मनातील जगाचे चित्र दाखवतात. एक्झिम ही कायम जोडलेल्या विद्यापीठीय यंत्रांसाठी घडली. तार दिवसातून दोनदाच जुळणार असेल तर पत्रे रांगेत रोखून ठेवून जोड मिळताच एकदम सोडण्याची सोय पोस्टफिक्समध्ये सुटसुटीत आहे, आणि अशा ठिकाणी तिची निवड अधिक योग्य होय.

मराठीच्या दृष्टीने मात्र सर्वांत मोठा प्रश्न अलीकडचा आहे. 1982 च्या टपाल-संकेतात पत्ता केवळ रोमन लिपीतच असू शकत होता. ‘.भारत’ हे देवनागरी क्षेत्रनाम 2014 मध्ये नोंदणीस खुले झाले व ते मराठीसही लागू आहे. त्याआधी 2012 च्या आर.एफ.सी. 6531 या संकेताने पत्त्याची दोन्ही अंगे कोणत्याही लिपीत लिहिण्याची मुभा दिली होती. पोस्टफिक्सने 2015 च्या 3.0 आवृत्तीत तो संकेत स्वीकारला. क्यूमेलच्या मूळ 1.03 आवृत्तीत, ती 1998 ची असल्याने, तो असणे शक्यच नव्हते.

परंतु पत्त्याच्या दोन अंगांची स्थिती सारखी नाही. @ च्या उजवीकडील देवनागरी क्षेत्रनामास ठरावीक नियमाने रोमन प्रतिरूप देता येते, म्हणून जुना वाहकही ते नेऊ शकतो. डावीकडील नावास असे प्रतिरूप नाही. वाटेतील प्रत्येक वाहकाने नवा संकेत मानला पाहिजे. एकाने जरी नाकारला तरी पत्र परत येते. माढ्याच्या माणसाने आपले नाव आपल्या लिपीत लिहिले, तर ते पोचणे न पोचणे आता स्थळावर नव्हे, वाटेवर अवलंबून आहे. तीस वर्षांपूर्वी मोडीत निघालेला मार्गवाचक पत्ता देवनागरीपुरता मागील दाराने परत आला आहे. फरक इतकाच की, उद्गारचिन्हांच्या काळी पाठवणाऱ्यास वाट ठाऊक असे; आज ती त्याला दिसतही नाही.

लेखनभेदाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. ‘कऱ्हाड’ या नावातील अर्धा र संगणकात दोन प्रकारे नोंदला जातो : स्वतंत्र ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त जोडून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. कागदावर दोन्ही रूपे सारखीच उमटतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणात मात्र ती एक होत नाहीत, आणि टपालवाहक आज्ञावली अक्षर पाहत नाही, क्रमांक पाहते. म्हणून ज्याच्या पत्त्याच्या डाव्या अंगात ‘कऱ्हाड’ येते त्याच्यासाठी व्यवस्थापकाने पर्यायी नावांच्या कोष्टकात दोन नोंदी कराव्या लागतात, आणि त्या दोन ओळी पडद्यावर एकसारख्याच दिसतात. ‘माढा’ या नावास ती अडचण नाही. तेथे एकच नोंद पुरते.